‘इश्यू’चं मराठी मी दोनदा केलं

माझ्या सेवापुस्तकात एक ताकीद आहे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ती एकच, आणि तीही निवृत्तीला सात महिने उरले असताना मिळालेली. घरच्यांचं म्हणणं पडलं, अर्ज कर, काढून टाकतील. मी अर्ज केला नाही. करणारही नाही. ती ताकीद एका इंग्रजी शब्दापायी मिळाली, आणि तो शब्द इतका साधा आहे की हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आज सकाळपासून एकदा तरी उच्चारला असेल. तो शब्द म्हणजे इश्यू.

मी कोर्टात भाषांतरकार होते. कोर्ट म्हटलं की लोकांना जज्ज, वकील आणि नावाचा पुकारा करणारा शिपाई एवढेच आठवतात. पण साक्षीदार मराठीत बोलतो, निकालावर अपील होतं आणि वरच्या कोर्टाला कागद इंग्रजीत लागतात. ते इंग्रजी कुणीतरी करावं लागतं. उलटंही असतं. इंग्रजी दस्त, निजामाच्या काळातले उर्दू कागद मराठीत आणायचे असतात. खाली ‘मूळ लेखाचे खरे व बिनचूक भाषांतर’ असं लिहायचं, सही करायची, शिक्का मारायचा. सुरुवातीला त्या ‘बिनचूक’ शब्दाखाली सही करण्याआधी मी सगळा मजकूर पुन्हा मुळाशी ताडून बघायचे. पुढं ते ताडून बघणं बंद झालं. ते व्हायला नको होतं, असं आता वाटतं.

औशाला माझ्या वडिलांचं जिल्दसाजीचं, म्हणजे पुस्तकं बांधायचं दुकान होतं. एका वकिलानं वाळवी लागलेली जाडजूड इंग्रजी डिक्शनरी बांधायला टाकली आणि परत न्यायला तो कधी आलाच नाही. सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्ली होती, त्यामुळं कॉलेजात जाईपर्यंत माझं इंग्रजी ‘डी’पासून पुढं चांगलं होतं. अब्बा म्हणायचे, “बेटा, किताब सिलनेवाले को किताब खोल के देखने का हक है.” मी रोज एक पान बघायचे. ‘इश्यू’ मला पहिल्यांदा तिथंच भेटला. त्याचे अर्थ अर्धा कॉलम भरून होते.

हा शब्द मुळात इंग्रजांचा नाही. तो त्यांनी फ्रेंचांकडून घेतला आणि फ्रेंचांनी लॅटिनमधून. लॅटिनमध्ये त्याचं मूळ ‘बाहेर जाणं’ असं आहे. बस आणि टॉकीजच्या दारावर ‘एक्झिट’ लिहिलेलं असतं, तो याचाच सख्खा भाऊ. जे बाहेर पडतं ते इश्यू. झऱ्यातून पाणी बाहेर पडतं तेही इश्यू, जखमेतून रक्त आलं तेही. कचेरीतून रेशनकार्ड बाहेर येतं, ते इश्यू होतं. छापखान्यातून अंक बाहेर पडतो, तो इश्यू. कोर्टात दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून त्यातून जो नेमका वादाचा मुद्दा बाहेर निघतो, तोही इश्यू. आणि आईच्या पोटातून बाहेर येतं ते मूलही इश्यूच. कायद्याच्या भाषेत हा शेवटचा अर्थ फार जुना आहे, आणि त्यात मुलगा की मुलगी हा भेद नाही. बाहेर येणाऱ्याला दार तो प्रश्न विचारत नाही.

आपल्याकडं मात्र त्यातला एकच अर्थ उरला. ‘काय इश्यू आहे?’ आणि ‘इश्यू करू नको.’

नांदेडला माझी नवी नोकरी होती तेव्हाची गोष्ट. किनवटकडच्या एका बाईचा नवऱ्याशी काडीमोडाचा दावा चालू होता. नवऱ्याच्या वकिलाच्या इंग्रजी अर्जात एक वाक्य होतं, की या विवाहापासून इश्यू नाही, म्हणजे मूलबाळ नाही. वकिलाच्याच कुणा नवशिक्यानं त्याचं मराठी करून जोडलं होतं : ‘या विवाहातून कोणताही वाद नाही.’ ते तिला वाचून दाखवल्यावर ती कठड्याला धरून उभीच राहिली.

“वाद न्हाई? मग मी इथं काय करून राहिले, साहेब? हा मानूस तीन वर्सं मला मारून राहिला, अन् कागदात लिवलं वाद न्हाई!”

अख्खं कोर्ट हसलं. तिला हसू आलं नाही. मीही हसले होते, हे कबूल करते. खुलासा मलाच करावा लागला. “बाई, त्याचा अर्थ तुम्हाला लेकरू नाही, असा आहे.” ती माझ्याकडं बघत म्हणाली, “ते तर मला ठावंय. ते सांगाया इंग्रजी कशाला पायजे?”

त्या दिवशी मी ठरवलं होतं की हा शब्द माझ्या हातून कधी चुकणार नाही. आणि त्यानंतर वर्षभरातच तो चुकला.

आता जी हकिगत सांगणार आहे तिच्यातली नावं बदलली आहेत. कोर्ट कोणतं तेही सांगत नाही. लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्ह्यांत मी नोकरी केली, त्यातल्या नांदेडकडचं एक समजा.

एक रेल्वेचे स्टेशनमास्तर होते. जुन्या काळचे, इंग्रजीत विचार करणारे. निवृत्तीनंतर त्यांनी उमरीजवळ स्वकमाईनं शेत घेतलं, विहीर पाडली, घर बांधलं आणि इंग्रजीत मृत्युपत्र केलं. सगळं हयातीपुरतं माझ्या मुलाकडं, दत्तारामकडं राहील, आणि त्याच्या पश्चात त्याच्या इश्यूला सारख्या वाट्यानं मिळेल, असा त्याचा मजकूर. पुढं मास्तर वारले. काही वर्षांनी शेजाऱ्याशी बांधावरून तंटा झाला, दत्तारामनं तो कागद कोर्टात दाखल केला आणि मराठी करायला माझ्याकडं आला.

मी लिहिलं होतं, ‘त्याच्या संततीला’. त्या वेळचे आमचे शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाचे वरिष्ठ कारकून, हाडाचे कडक, पण मनानं वाईट नव्हते. त्यांनी लाल पेनानं ‘संतती’वर काट मारली. “पोथी लिहून राहिलाव का, शेखबाई? लोकाला कळंल असं लिव्हा. मुलांना म्हणा की.”

मी ‘मुलांना’ लिहिलं. माझ्या घरी आम्ही तिघी बहिणी आणि एक भाऊ. अब्बा जेवायला हाक मारायचे तेव्हा सगळ्यांनाच एक हाक. मला वाटलं, मुलं म्हणजे सगळी. तंटा तर बांधाचा होता, त्या शब्दावर कुणाचं काही अडलेलं नव्हतं. मी सही केली, शिक्का मारला आणि पुढच्या फाइलला हात घातला. शिरस्तेदारांवर हे ढकलता येईल, पण ढकलणार नाही. काट त्यांची होती. सही माझी होती.

तीस वर्षांनी तो कागद परत माझ्या टेबलावर आला.

या वेळी दावा वाटणीचा होता. दत्ताराम वारला होता. त्याला तीन मुलं झाली होती. थोरली गयाबाई, मधला माधवराव आणि धाकटी सुमन. माधवराव गावातच प्राथमिक शिक्षक होते, निवृत्त झालेले. बाप गेल्यावर सगळं त्यांनी आपल्या नावावर लावून घेतलं, कारण मराठी कागदात ‘मुलांना’ असं होतं आणि मुलगा ते एकटेच. गयाबाई किनवट तालुक्यात एका आश्रमशाळेत स्वयंपाक करायची. तिला मूळ इंग्रजी कागद बापाच्या ट्रंकेत सापडला आणि शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी तो वाचून दाखवला. तिनं दावा लावला.

फाइलमध्ये सुमनबद्दलही होतं. सुमनला नवऱ्यानं टाकली होती. ती माहेरी घरातली एक खोली मागायला आली तेव्हा बापानं आणि भावानं तिला तो मराठी कागद दाखवला होता. ‘तुझं यात काही नाही.’ ती नांदेडला भाड्याच्या खोलीत शिलाई करून राहिली आणि बापाच्या आधीच गेली. दाव्याच्या इंग्रजी मसुद्यात तिच्याविषयी एकच ओळ होती : ती विदाउट इश्यू वारली.

मी फाइल उलटत गेले आणि पुराव्याच्या कागदांत माझं जुनं भाषांतर निघालं. माझीच सही, नव्या नोकरीतली, गोलगोल, शेवटी शेपटी काढलेली. दोन दिवस मी ती फाइल उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी अधीक्षकांनी बोलावलं. वयानं माझ्याहून लहान, सरळ माणूस. म्हणाले, “शेख मॅडम, कोर्टानं त्या मृत्युपत्राचं अधिकृत मराठी मागवलंय. जुनं तुमचंच आहे. त्याचीच नक्कल काढा आणि द्या.”

“ते अपुरं आहे, सर.”

“चूक आहे का?”

इथंच सगळं अडत होतं. चूक नव्हतंच. ‘मूल’चं अनेकवचन मुलं, आणि ‘मुलांना’ म्हटलं की त्यात ‘मुलग्यांना’ही ऐकू येतं. ज्याला जे हवं ते त्यानं त्यात ऐकावं, असा तो शब्द. तीस वर्षं घरातल्या पुरुषांनी त्यात आपल्याला हवं तेच ऐकलं होतं.

“चूक नाही,” मी म्हणाले. “पण इंग्रजीत जे दार सगळ्यांना उघडं आहे, ते माझ्या मराठीनं अर्धं लोटलं.”

“मॅडम, तुमच्याच दोन सह्या एकमेकींविरुद्ध उभ्या राहतील. चौकशी लागेल. पेन्शनचे कागद जायचेत. आता उगीच इश्यू करू नका.”

मी म्हणाले, “सर, इश्यू मी करत नाही. तो कागदात आहे. मी फक्त त्याचं मराठी करते.”

नव्या भाषांतरात मी लिहिलं : ‘त्याच्या अपत्यांना (मुलगे व मुली, दोन्ही) समान वाट्याने’. खाली टीप जोडली की याच लेखाचे पूर्वीचे भाषांतर मीच केले असून त्यातील ‘मुलांना’ हा शब्द संदिग्ध आहे. सुमनची ओळही माझ्याच वाट्याला होती. टाइप करणाऱ्यानं सवयीनं ‘निपुत्रिक’ केलं होतं, म्हणजे पुत्र नसलेली. मी ते खोडून ‘निरपत्य’ केलं. तिला त्याचा उपयोग नव्हता. पण मला ते तसं सोडवलं नाही.

त्या दिवशी व्हरांड्यात एक बाई आडवी आली. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी. “आपा, मी गया. ते कागद तुमच्याकडं हाय म्हणून राहिले. मी हाय का त्या कागदात? एवढंच सांगा.”

दावा चालू असताना पक्षकाराशी त्याविषयी बोलायचं नाही हा आमचा नियम. मी म्हणाले, “बाई, मला बोलता येत नाही.” ती हिरमुसून बाजूला झाली. नियम बरोबर होता. तरी ते वाक्य म्हणताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी पुढं ताकीद मिळताना वाटली नाही.

व्हायचं ते झालं. माधवरावांच्या वकिलानं दोन्ही भाषांतरं पुढं केली आणि मला साक्षीला बोलावलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे जबाब लिहिले, त्या दिवशी स्वतः पिंजऱ्यात उभी राहिले. जज्ज सुरुवातीलाच म्हणाले, “इंग्रजी मला कळतं. पण एकाच कागदाची दोन अधिकृत भाषांतरं आणि दोन्हींवर एकीचीच सही. म्हणून तुम्हाला त्रास दिला.”

वकिलांनी पहिला कागद समोर धरला. “ही सही कुणाची?”

“माझी.”

“आणि ही?”

“तीही माझी.”

“म्हणजे एका वेळी तुम्ही खोटं लिहिलंत.”

“खोटं नाही. पहिल्या वेळी अर्धं लिहिलं.”

“आता वर्षभरात रिटायर होणार, म्हणून उरलेलं अर्धं आठवलं का?”

“उरलेलं अर्धं तीस वर्षं माझ्यापुढं आलंच नाही. आलं त्या दिवशी लिहिलं.”

त्यांनी चष्मा काढला. मग तो प्रश्न आला. मी त्याची वाटच बघत होते, नोकरीत रुजू झाल्यापासून बघत होते म्हणा ना.

“तुमची मातृभाषा कोणती?”

“उर्दू. घरात आम्ही दखनी बोलतो.”

“म्हणजे मराठीतल्या ‘मुलं’ या शब्दाचा अर्थ आज आम्ही तुमच्याकडून शिकायचा?”

मी जज्जसाहेबांकडं बघून म्हणाले, “साहेब, माझ्या मातृभाषेत इश्यूला औलाद म्हणतात. निजामाच्या काळातल्या कागदांत मूलबाळ नसलेला माणूस वारला की ‘लावलद फौत’ लिहीत. ते कागद या जिल्ह्यातले लोक माझ्याकडून वाचून घेतात, तेव्हा माझी मातृभाषा कुणी विचारत नाही. आणि मराठीचं म्हणाल तर वकीलसाहेबांनीच गेल्या तारखेला वादी गयाबाईंना प्रश्न केला होता, ‘तुम्हाला मुलं किती?’ त्यांनी उत्तर दिलं, ‘तीन.’ तो जबाब नोंदीवर आहे. त्या तिघांत दोन मुली आहेत. वकीलसाहेबांनी तेव्हा हरकत घेतली नाही.”

जज्जसाहेबांनी मागची पानं चाळली. वाचलं, आणि मान खाली ठेवूनच म्हणाले, “पुढचा प्रश्न?”

वकिलांनी कागद गोळा केले आणि ते खाली बसले.

मग गयाबाईच्या वकिलानं विचारलं की मृत्युपत्र करणाऱ्याच्या मनात नातही होती का. मी म्हणाले, ते मला माहीत नाही, मी शब्दापुरतं बोलते. त्यांनी शाळेचा जुना दाखला काढला. मृत्युपत्र झालं त्या वर्षी गयाबाई दोन वर्षांची होती आणि माधवरावांचा जन्मच झाला नव्हता. मास्तरांनी ‘इश्यू’ लिहिलं तेव्हा त्यांच्या अंगणात एकच नातवंड रांगत-धावत होतं आणि ती मुलगी होती. मला हे तोवर ठाऊक नव्हतं. मी गयाबाईकडं बघितलं. ती पदर दातात धरून जमिनीकडं बघत होती.

निकाल तिच्या बाजूनं लागला. अर्धा वाटा तिचा.

निकालानंतर माधवराव जिन्यात भेटले. मला वाटलं, भांडतील. मीही तयार होते. पण ते कठड्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, मी छत्तीस वर्सं वर्गात गेलो की ‘मुलांनो, बसा’ म्हणायचो. अर्ध्या वर्गात पोरीच राहायच्या. त्या बी बसायच्या.” एवढंच बोलून ते खाली उतरले. त्यांना पटलं होतं की ते नुसतेच थकले होते, मला सांगता येणार नाही. अपील मात्र त्यांनी केलं नाही.

मला नोटीस आली : एकाच लेखाची परस्परविरोधी भाषांतरे का दिलीत, याचा खुलासा करावा. अधीक्षक स्वतः टेबलापाशी आले. “मॅडम, ‘दोन्ही भाषांतरे आपापल्या जागी योग्य आहेत’ एवढं लिहून द्या. प्रकरण इथंच मिटवतो.”

“मग सुमनला कागद दाखवला तो योग्यच होता, असं होईल.”

“कोण सुमन?”

खुलासा एका ओळीत दिला : ‘पहिले भाषांतर अपुरे होते, जबाबदारी माझी.’ ताकीद आली. तिच्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या मी पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आणि मग पोच दिली. निरोपसमारंभात भाषणं झाली, शाल मिळाली, ताकिदीचं कुणी बोललं नाही. शेवटी बोलायला उभी राहिले तेव्हा ते मीच सांगितलं. काहींनी मान खाली घातली. मागच्या रांगेतल्या दोन टायपिस्ट मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तर ती ताकीद राहू दे. ज्या कागदावर बत्तीस वर्षं सगळं ‘समाधानकारक’ लिहिलंय, त्यावर एक तरी ओळ मी काय काम केलं ते सांगते. खंत आहे ती वेगळीच. दुसऱ्या वेळी मी जे ठामपणे लिहिलं, ते पहिल्या वेळी एका लाल रेघेपुढं सोडून दिलं. तेव्हा माझं वय सत्तावीस होतं, नोकरी नवी होती, वगैरे सगळं खरं आहे. पण सुमनची खोली त्या रेघेखाली गेली आणि ती कुठल्याच निकालानं परत आली नाही.

आता मी लातूरला घरीच भाषांतरं करते. मागच्या महिन्यात गयाबाईचा फोन आला. नंबर कुणाकडून मिळवला कोण जाणे. आता दावा संपला होता, मला बोलता येत होतं. आवाज तिचा मोठा, मागं पातेल्यांचा खणखणाट.

“आपा, मी मृत्युपत्र करून टाकलं. उमरीला दस्त लिवनाऱ्याकडं गेले. त्यो लिवून राहिला, ‘माझ्या पश्चात माझ्या मुलांना’. म्या म्हणलं, थांब. खोड ते. तिघांची नावं लिव्ह, दोघी पोरींची अन् पोराची, पैल्यापासून.”

“मग?”

“त्यो हसला. म्हणतो, मावशी, मुलं म्हणलं की सगळेच आले की त्यात.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्या म्हणलं, येतेत का न्हाई, ते मी कोर्टात बघून आलेय. तू नावं लिव्ह.”